पोटात राहील का?

माझा भाचा स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. पुण्यात कॉट बेसिसवर राहतो, सकाळी सातला अभ्यासिकेत जागा धरतो, रात्री अकराला खोलीवर परततो. तिसऱ्या खेपेलाही यादीत नाव आलं नाही तेव्हा त्याची झोप उडाली, जेवणावरची वासना गेली, आणि हे सगळं तो रोज रात्री मोबाइलमधल्या एका चॅटबॉटला सांगू लागला. असे चार महिने गेले. मला कळलं ते एका लग्नात, पंगतीत शेजारी शेजारी बसलो होतो म्हणून. मला लागलं ते. माझं घर त्याच्या खोलीपासून रिक्षानं पंधरा मिनिटांवर आहे. "अरे, एक फोन तरी करायचास," म्हटलं. तो मठ्ठ्याची वाटी बाजूला सारत म्हणाला, "आत्या, तुला सांगितलं असतं तर त्याच रात्री आईला कळलं असतं."

खोटं नव्हतं. माझ्या पोटात काही राहत नाही, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

(हे त्याला विचारून लिहिते आहे. शहर, परीक्षा आणि आणखी दोन-तीन गोष्टी बदलल्या आहेत, कारण वहिनी इंटरनेटवर माझ्यापेक्षा जास्त वाचते.)

यंत्रानं माणसाच्या मनात शिरावं का, चॅटबॉटला समुपदेशक म्हणावं का, यावर बोलताना आपण हटकून एकाच प्रश्नापाशी येतो: यंत्राला कळतं का? दुःख म्हणजे काय हे त्याला ठाऊक आहे का? प्रश्न मोठा आहे, तत्त्वज्ञांनी त्यावर जरूर बोलावं. पण रात्री दोनला आढ्याकडे बघत पडलेल्या माणसाला तो पडलेला नसतो. त्याचा प्रश्न जुना आणि साधा असतो: हे याच्या पोटात राहील का? 'मन मोकळं करणं' आणि 'पोटात ठेवणं' ही मराठीतली जोडी आहे; एकानं मोकळं करायचं, दुसऱ्यानं ठेवायचं. दुसरा कच्चा निघाला की पहिला गप्प बसतो, जसा माझा भाचा बसला. मानसिक आरोग्याच्या तंत्रज्ञानाची नीती मला मोजायची असेल तर मी याच मापानं मोजते. आणि या मापावर आजचं यंत्र माझ्याइतकंच कच्चं आहे. माझी गळती घरात ऐकू येते, त्याची येत नाही.

हा पेच नवा नाही. एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ मध्ये 'एलायझा' नावाचा संवाद करणारा प्रोग्राम जाहीर केला. तुम्ही लिहिलेलं वाक्य फिरवून प्रश्न म्हणून तुमच्याकडेच परत पाठवायचं, एवढीच त्याची करामत. त्याची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीनं हा प्रोग्राम तयार होताना महिनोन्महिने पाहिला होता. तरी त्याच्याशी दोन-चार वाक्यं होताच तिनं साहेबांना खोलीबाहेर जायला सांगितलं. माणसं यंत्रात किती चटकन गुंततात याचा दाखला म्हणून ही गोष्ट येते. त्यांनीच दहा वर्षांनी पुस्तकात लिहिलेली दुसरी गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. लोक एलायझाशी रात्रभर जे बोलले ते नंतर आपल्याला वाचता येईल अशी सोय करावी, असं त्यांनी एकदा सुचवलं, तर लोक त्यांच्यावर तुटून पडले. ही तर आमच्या अगदी आतल्या विचारांवर हेरगिरी! समोर नुसतं यंत्र आहे हे माहीत असलेल्या माणसांनाही खोली रिकामी हवी होती आणि वही मिटलेली. साठ वर्षांनी आपण तीच सोय जगभर केली आहे, तिला 'सेवा सुधारण्यासाठी माहितीचा वापर' असं नाव दिलं आहे आणि 'मला मान्य आहे' या बटणाखाली ती सरकवून ठेवली आहे.

पण म्हणून 'नकोच ते' म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मी बसणार नाही. ते म्हणणं पुण्या-मुंबईत परवडतं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविना होते. मानसोपचारतज्ज्ञ किती, तर लाख लोकसंख्येमागे पाऊणच्या आसपास, ०.७५. महाराष्ट्रातली जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. नकाशावर ही चार टिंबं मांडा आणि मराठवाड्याकडे बघा. कोरा. जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून ठरावीक वारी ओपीडी असते, तिथवर यायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी, दोन वेळचं एसटीचं तिकीट आणि गावात 'कुठं गेला होतास' या प्रश्नाचं उत्तर.

त्यातल्या त्यात खर्च परवडतो; गावाचा प्रश्न परवडत नाही. यंत्राच्या बाजूनं सर्वांत भक्कम मुद्दा मला हाच वाटतो, आणि शहरातले टीकाकार तो नेमका विसरतात. यंत्र तुमचं आडनाव विचारत नाही. आपल्याकडे आडनाव सांगितलं की निम्म्या वेळा जात कळते, गाव सांगितलं की सोयरीक निघते. गावातली आशाताई कुणाची तरी सून असते. डॉक्टरच्या दाराबाहेर काढलेल्या चपला ओळखणारं कुणीतरी रस्त्यावरून जातच असतं. अशा ठिकाणी ज्याला तोंड नाही, नातं नाही, भावकी नाही असा ऐकणारा मिळणं ही चैन नाही, मोठी सोय आहे. माझ्या भाच्यानं यंत्र निवडलं ते यंत्र हुशार आहे म्हणून नव्हे. त्याच्या ओळखीच्या माणसांमध्ये पोटात ठेवणारं कुणी नव्हतं, म्हणून.

तंत्रज्ञान चांगलं कसं वापरता येतं याचं उदाहरण शोधायला अमेरिकेत जायला नको. २०१३ ते २०१५ या काळात नाशिक जिल्ह्यात, पेठ तालुक्याच्या भागात, 'आत्मीयता' नावाचा प्रयोग झाला. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीतलं मानसिक आरोग्य कायदा आणि धोरण केंद्र त्यामागे होतं. गावातलीच माणसं निवडायची. कुणाचं बिनसलं आहे हे ओळखायला काही जणांनी शिकायचं आणि त्यांच्यातल्या काहींनी साध्या, तपासून पाहिलेल्या पद्धतीनं समुपदेशन करायला शिकायचं. त्यांच्या हातात स्मार्टफोन दिला. त्यात दारू, बेकारी, घरातली भांडणं, बाईला होणारी मारहाण अशा विषयांवरच्या छोट्या फिल्म होत्या. फोन बोलत होता ते संभाषण सुरू व्हावं म्हणून. पुढचं बोलणं माणसाशी. पुढे हाच प्रयोग गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर झाला. अमरावतीच्या तीस गावांतल्या 'विश्राम' या कार्यक्रमात तर गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांच्या बळावरच काम झालं: नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचणारे आधी ४.३ टक्के होते, दीड वर्षानं २७.२ टक्के. पंधरवड्यात एक नवं ॲप बाजारात आणणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लावावा.

'टेली-मानस' या मनाच्या दुखण्यावरच्या हेल्पलाइनचंही तेच. २०२२-२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात घोषणा झाली, १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, १४४१६ हा क्रमांक सुरू झाला. बंगळुरूच्या निमहान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेनं धुरा सांभाळली, २० भाषांत सोय झाली, आणि पहिल्या तीन वर्षांच्या आत वीस लाखांवर फोन आले. सरकारी हेल्पलाइन म्हटली की आपण आधी नाक मुरडतो. पण पाच आकडी नंबर फिरवल्यावर पलीकडे शिकलेलं, पगारी, कुणाला तरी जबाबदार असलेलं माणूस येणं याला मी तंत्रज्ञानाची करामतच म्हणते. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची 'आयकॉल' २०१२ पासून फोनवर हेच करते आहे. ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेचं 'आवाहन' हे यूट्यूब चॅनल मराठीतून मनाच्या आजारांवर घरच्यासारखं बोलतं. ते बघून 'मला जे होतंय त्याला नाव आहे' एवढं कळलेली माणसं मला भेटली आहेत.

या सगळ्यात फोन आहे, पण फोनच्या टोकाला माणूस आहे. दुसऱ्या प्रकारात टोकाला कुणीच नाही, आणि त्याचा गाजावाजा जास्त.

त्याचीही बाजू ऐकायला हवी. अमेरिकेतल्या डार्टमथमधल्या संशोधकांनी मार्च २०२५ मध्ये 'थेराबॉट' या चॅटबॉटची चाचणी प्रसिद्ध केली. २१० माणसं, चार आठवड्यांचा वापर. नैराश्याची लक्षणं सरासरी ५१ टक्क्यांनी कमी झाली. आकडा झकास आहे आणि मी तो खोटा म्हणत नाही. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. तुलना झाली ती प्रतीक्षा यादीतल्या, म्हणजे काहीच न मिळालेल्या लोकांशी. आणि थेराबॉट जे बोलत होता त्यावर संशोधकांची नजर होती. काही वावगं घडलं तर मध्ये पडायला माणसं बसलेली होती. बाजारातला बॉट मात्र एकटाच असतो. चाचणीतलं यश दाखवून बाजारातला माल विकणं म्हणजे प्रशिक्षकाच्या गाडीत शिकलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी खंडाळ्याच्या घाटात ट्रक घेऊन धाडण्यासारखं आहे.

भाषेचं तर आणखी वेगळं. मराठी माणूस 'मला नैराश्य आलं आहे' असं क्वचित म्हणतो. त्याचा जीव घाबरा होतो, छातीत कालवतं, करमत नाही, अंगात त्राण राहत नाही, कशातच जीव रमत नाही. जगभर वापरली जाणारी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण देते आणि बेरीज दहा किंवा त्याहून जास्त झाली की काळजी करायला सांगते. मराठीतही ती आहे, डॉक्टरांच्या उपयोगाची आहे. पण ॲपमध्ये ती एकटीच असते. हे लिहिण्याआधी मी एका ॲपवर 'हल्ली काही गोड लागत नाही' असं टाकून पाहिलं. त्यानं मला चव जाण्याची कारणं सांगितली आणि नाक-कान-घसा तज्ज्ञांकडे पाठवलं. नव्या, मोठ्या चॅटबॉटना हे वाक्य नीट कळतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण उत्तर येतं ते जिल्हा परिषदेच्या परिपत्रकाच्या मराठीत. हसून सोडून द्यावं असं वाटतं. मग मनात येतं, उद्या कुणी कर्जातला शेतकरी लिहील, 'सगळी देणीघेणी मिटवली, आता काही राहिलं नाही.' बांधाला बांध असलेला शेजारी हे वाक्य ऐकून चरकेल. यंत्र अभिनंदन करेल? करेलच असं मी म्हणत नाही. करणार नाही हे कुणी तपासलं, आणि कुठल्या मराठीत? वऱ्हाडीत, अहिराणीत, मालवणीत, की फक्त पुस्तकी?

आता गळतीकडे येते. पंगतीत मी भाच्याला म्हटलं होतं, "अरे, पण ते सगळं कंपनीकडे जातं." त्यावर तो म्हणाला, "कंपनीला कळलं तर कळू दे. आईला कळायला नको." मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. या वाक्यात त्याच्या पिढीचं सगळं शहाणपण आहे: दूरचा परका धोका घरातल्या जवळच्या डोळ्यांपेक्षा बरा. बाकी त्याच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

पण दूरचं दूर राहत नाही. फिनलंडमध्ये 'वास्तामो' नावाची मानसोपचार केंद्रांची साखळी होती. तिच्या सर्व्हरमधून रुग्णांच्या नोंदी चोरीला गेल्या आणि चोरानं आधी कंपनीकडे आणि मग, ऑक्टोबर २०२० मध्ये, थेट एकेका रुग्णाकडे खंडणी मागितली: दोनशे युरो द्या, नाहीतर तुम्ही थेरपिस्टला काय सांगितलंत ते सगळ्यांना दाखवतो. सुमारे तेहतीस हजार माणसं. त्यांत उपचार घेतले तेव्हा अल्पवयीन असलेलेही होते. लग्नाबाहेरचं नातं, लहानपणी झालेला अत्याचार, आईविषयीचा राग, जे खोलीत बंद दाराआड बोललं गेलं ते सगळं इंटरनेटवर. एप्रिल २०२४ मध्ये चोराला सहा वर्षं तीन महिन्यांची शिक्षा झाली. साखळी त्याआधीच बुडाली. देशाची लोकसंख्या पंचावन्न-छप्पन्न लाख, म्हणजे प्रत्येकाच्या ओळखीत कुणीतरी सापडेल. तिथे आईलाच कळलं.

ही चोरी होती. चोरी न करताही गळतं. अमेरिकेतल्या 'बेटरहेल्प' या ऑनलाइन समुपदेशनाच्या कंपनीवर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं मार्च २०२३ मध्ये आरोप ठेवला की 'तुमची माहिती खासगी राहील' असं सांगून तिनं लोकांचे ई-मेल पत्ते आणि 'तुम्ही आधी कधी थेरपी घेतली आहे का' यासारख्या प्रश्नांची उत्तरं जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅट वगैरेंना पुरवली. कंपनीनं ७८ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. मे २०२५ मध्ये आणखी एक गोष्ट झाली, तिच्याकडे आपल्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. एका वृत्तपत्रानं ओपनएआयवर केलेल्या कॉपीराइटच्या दाव्यात न्यायालयानं चॅटजीपीटीची संभाषणं जपून ठेवायचा आदेश दिला, वापरणाऱ्यांनी डिलीट केलेलीसुद्धा. काही महिन्यांनी तो आदेश उठला. दरम्यान त्या कंपनीचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनीच एका मुलाखतीत सांगून टाकलं की डॉक्टर किंवा वकिलाशी झालेल्या बोलण्याला कायद्याचं जे कवच असतं ते चॅटजीपीटीशी झालेल्या बोलण्याला नाही. दुकानदार स्वतः सांगतोय, माझ्या तिजोरीला कुलूप नाही. आपण 'किती स्पष्टवक्ता' म्हणून मान डोलावतो आणि आत ठेव ठेवून येतो.

आपल्या कायद्याकडे पाहिलं तर आधी बरं वाटतं. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ चं कलम २३ मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला गोपनीयतेचा हक्क देतं आणि उपचार करणाऱ्यावर पोटात ठेवण्याचं बंधन घालतं. कलम २४ तर स्पष्ट म्हणतं की हा हक्क डिजिटल स्वरूपात साठवलेल्या माहितीलाही लागू आहे. उत्तम. पण हे बंधन उपचार करणाऱ्यावर आहे. ॲप म्हणतं, मी उपचार करतच नाही. मी 'वेलनेस' देतं. हा शब्द ज्यानं आणला त्याच्या वकिलाचं कौतुक करावं तेवढं थोडं. पहाटे तीनला रडणाऱ्या माणसाशी बोलायचं, त्याला श्वासाचे व्यायाम द्यायचे, त्याचे विचार 'सुधारायचे', आणि जबाबदारीची वेळ आली की आपण योगाच्या चटईच्या रांगेत जाऊन उभं राहायचं.

मग उरतो डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य बंधनं टप्प्याटप्प्यानं लागू व्हायची आहेत. त्याच्याआधी, २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत, 'मानसिक आरोग्याची स्थिती' ही संवेदनशील माहिती म्हणून वेगळी काढलेली होती. नव्या कायद्यात संवेदनशील असा वेगळा कप्पाच नाही. तुमचा पिझ्झाचा पत्ता आणि तुमच्या मनातली भीती एकाच फडताळात. माहिती फुटली तर अडीचशे कोटींपर्यंत दंड होऊ शकतो, पण तो जातो सरकारी तिजोरीत. ज्याची अब्रू गेली त्याला भरपाई मागायची जी वाट जुन्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३अ मध्ये होती, ती नवा कायदा बंद करतो. आणखी एक. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची पडताळलेली संमती लागते. रुग्णालयांना आणि डॉक्टरांना यात काही सवलत आहे, 'वेलनेस'च्या दुकानाला नाही. मुलांना जाहिरातवाल्यांपासून वाचवायचा हेतू चांगलाच आहे. पण जिला बापाचीच भीती वाटते त्या सोळा वर्षांच्या मुलीनं मदत मागायला बापाचाच ओटीपी आणायचा, हे कायदा लिहिताना कुणाच्या डोळ्यांपुढे आलं नसेल.

आणि बापाचा ओटीपी ही काही वेगळी अडचण नाही, कारण फोनच कित्येकदा बापाचा किंवा नवऱ्याचा असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रिया देशात ५४ टक्के होत्या. उरलेल्या जवळजवळ निम्म्या बायकांसाठी 'तुमचं बोलणं पूर्णपणे सुरक्षित आहे' या वाक्याचा अर्थ काय? पडद्यावर 'आज कसं वाटतंय?' अशी सूचना टुणकन येते तेव्हा फोन जेवणाच्या ताटाशेजारी, नवऱ्याच्या हाताजवळ असतो.

मला काय हवं आहे ते सांगते. ॲपनं स्वतःला काय नाव घेतलं आहे हे कायद्यानं बघू नये, ते काय ऐकतं हे बघावं. माणसाच्या मनाचं दुखणं हाच ज्याचा माल आहे, त्याच्यावर डॉक्टरवर आहे तेवढंच गोपनीयतेचं बंधन हवं. त्या माहितीवर जाहिरात चालवायला संमती घेऊनही परवानगी नसावी, कारण बुडत्या माणसाची संमती ही संमती नव्हेच. फुटलं तर भरपाई ज्याचं फुटलं त्याला मिळावी. कर्मचाऱ्यांना 'वेलनेस ॲप' फुकट वाटणाऱ्या कंपन्यांना, निनावी गोषवारा म्हणूनसुद्धा, त्यातलं काही दिसू नये. बारा जणांच्या विभागातलं निनावी कोण ते चहाच्या टपरीवर पाच मिनिटांत कळतं. एवढं केलं तर धंदा चालणार नाही, असं म्हणतात. नाही चालला तर नाही चालला. 'वोबॉट' हे या क्षेत्रातलं सर्वांत नावाजलेलं ॲप ३० जून २०२५ ला बंद झालंच की. रोज रात्री ज्यांचं ऐकायचं त्यांना टाळं दाखवून.

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यानं ऑगस्ट २०२५ मध्ये वेगळी वाट धरली: एआयनं थेरपी देण्यावर बंदीच घातली. मला ती आपल्यासाठी पटत नाही. लाखामागे एकही पुरता मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या देशात बंदी घातली तर माणसं डॉक्टरकडे जाणार नाहीत. नाव न लावलेल्या, सर्वसाधारण चॅटबॉटकडे जातील. जातातच. ओपनएआयनं ऑक्टोबर २०२५ मध्ये स्वतःच सांगितलं की आठवड्याभरात चॅटजीपीटी वापरणाऱ्यांपैकी साधारण ०.१५ टक्के लोकांच्या बोलण्यात आत्महत्येच्या बेताच्या स्पष्ट खुणा दिसतात. आठवड्याला ऐंशी कोटींवर माणसं ते वापरतात, म्हणजे ही संख्या दहा लाखांच्या पुढे जाते. त्याच्या दोन महिने आधी कॅलिफोर्नियातल्या सोळा वर्षांच्या एका मुलाच्या आई-वडिलांनी मुलगा गेल्यावर त्या कंपनीवर दावा लावला होता. हे वाचलं आणि पोटात ठेवण्याच्या माझ्या सगळ्या युक्तिवादाला एक भोक पडलं.

कारण पोटात ठेवणं हे ऐकणाऱ्याचं निम्मंच काम आहे. उरलेलं निम्मं म्हणजे वेळ आली की उठून येणं. २०१७ च्या कायद्यातही गोपनीयतेला अपवाद आहे तो हाच: जिवाला धोका असेल तर बोला. चांगला ऐकणारा दहा गोष्टी गिळतो आणि अकरावीला चपला घालून निघतो. कुठली गोष्ट अकरावी हे ओळखणं, तेच त्याचं कसब. माझ्यासारखी माणसं दहाच्या दहा सांगत सुटतात. यंत्राचं उलट आहे: बाजारात ते दहाही विकतं आणि अकरावीलाही जागचं हलत नाही. म्हणून बोलता बोलता धोक्याची खूण दिसली तर फक्त नंबर दाखवून हात झटकणं पुरेसं नाही. माणसाला विचारून, त्याच खिडकीतून १४४१६ वरच्या समुपदेशकापर्यंत जोडून देणं, पलीकडे माणूस येईपर्यंत लाइन न सोडणं, हे तंत्रज्ञानाला अवघड नाही. पिझ्झा कुठल्या चौकात आहे हे ते सांगतंच.

लग्नानंतर चार दिवसांनी भाचा माझ्याकडे जेवायला आला. भांडी घासता घासता मी त्याला सरळ विचारलं, जिवाचं काही बरंवाईट मनात येतं का. असं विचारल्यानं तसा विचार डोक्यात शिरतो हा आपला गैरसमज आहे, विचारावंच. तो नाही म्हणाला, आणि मला ते खरं वाटलं. मी म्हटलं, बाकी काहीही सांग, कुणाला कळणार नाही. पण तसं कधी वाटलं आणि मला कळलं तर मी सगळ्या गावाला उठवीन, ही अट. तो हसला. आता तो दर गुरुवारी एका समुपदेशक बाईंकडे जातो. बॉटही सोडलेला नाही. म्हणतो, रात्री दोनला बाई उचलणार आहेत का फोन? याचं उत्तर माझ्याकडे नाही.

परवा वहिनीचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, मग आवाज जरा खाली आला. "तुझ्याशी काही बोलतो का गं तो? मला नुसतं हो-नाही करतो."

"बोलतो की," मी म्हटलं. "रविवारी वाटाण्याची उसळ मागून मागून खाल्ली."

ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मीही.

"बरं," ती म्हणाली. "तिखट कमी घालत जा त्याच्यासाठी."